महाडचे चवदार तळे : उंचावरून आणि काठावरून

ज्या घरातले कोणी कधी महाडला गेलेले नाही, त्या घरातल्या शाळकरी पोरालाही २० मार्च १९२७ ही तारीख पाठ असते. बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले तो हा दिवस. दरवर्षी या दिवशी मुंबई-पुण्यापासून नांदेड-नागपूरपर्यंतची माणसे एसटीने, जीपने, टेम्पोने महाडला येतात. तळ्याच्या पायऱ्या उतरतात, पाण्याला हात लावतात आणि परततात. आता त्या आठवणीबरोबर मोबाईलमध्ये एक व्हिडिओही परत जातो.

अलीकडे या व्हिडिओंत एक नवी गोष्ट आली आहे, ती म्हणजे ड्रोन. लग्नाच्या शूटिंगसाठी आलेले हे चार पंख्यांचे यंत्र आता विहाराच्या वर्धापनदिनाला, जयंतीच्या मिरवणुकीला आणि महाडच्या तळ्यावरही दिसू लागले आहे. आपल्या वस्त्यांतील अनेक तरुण आज याच कामावर पोट भरतात. ही आनंदाची गोष्ट आहे. कॅमेरा कालपर्यंत दुसऱ्याच्या हातात होता, तो आता आपल्या पोरांच्या हातात आला. पण कॅमेरा हातात आला एवढ्याने काम होत नाही. तो कुठे धरायचा, किती उंच न्यायचा, कसा हलवायचा आणि कधी खाली आणायचा, हे ठरवावे लागते. २० मार्च २०२७ हा महाडच्या सत्याग्रहाला शंभर वर्षे पूर्ण होण्याचा दिवस. या निमित्ताने हजारो हातांनी जे चित्रण होईल तेच पुढच्या पिढ्या पाहणार आहेत. म्हणून महाडची ही सफर थोडी वेगळ्या नजरेने लिहीत आहे.

आमच्या वस्तीत लग्नाचे शूटिंग करणारा एक तरुण आहे. त्याच्याकडे अडीचशे ग्रॅमहून कमी वजनाचा छोटा ड्रोन आहे. विहाराच्या कार्यक्रमात दाखवण्यासाठी महाडची तीन मिनिटांची फिल्म करावी असे ठरले आणि हिवाळ्यातल्या एका कामाच्या दिवशी आम्ही दोघे निघालो. सत्याग्रह दिनाची गर्दी टाळून मुद्दाम साधा दिवस निवडला. त्याचे कारण पुढे येईलच.

मुंबईहून महाड सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. मुंबई-गोवा महामार्गाने एसटी थेट जाते. कोकण रेल्वेने यायचे तर वीर स्थानकावर उतरून पुढे रस्त्याने यावे लागते. गाव सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या संगमाजवळ वसलेले आहे. चहूकडे सह्याद्रीचे डोंगर, खाली भातखाचरे आणि मध्ये दाट वस्तीचे जुने बाजारगाव. याच गावाच्या मध्यभागी, घरांच्या गर्दीत, चवदार तळे आहे.

वरून काय दिसते?

उडवण्यापूर्वी पोलीस ठाण्यात आणि नगरपरिषदेत अर्ज दिला होता. डिजिटल स्काय या सरकारी नकाशावर त्या दिवसाचे क्षेत्रही पाहून घेतले होते. सकाळी सूर्य उगवल्यावर अर्ध्या तासाने आमच्या तरुणाने ड्रोन सरळ वर नेला आणि कॅमेऱ्याचे तोंड थेट खाली केले. पडद्यावर जे दिसले ते पाहून मी क्षणभर गप्पच झालो. कौलांची आणि पत्र्याची छपरे, त्यांच्या मधून जाणाऱ्या चिंचोळ्या गल्ल्या आणि त्या सगळ्याच्या मधोमध पाण्याचा एक रेखीव तुकडा!

या सरळ खाली पाहणाऱ्या शॉटला एक मोठा अर्थ आहे. पुस्तकात आपण वाचतो की तळे सार्वजनिक होते. १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव आणला की सरकारी खर्चाने चालणारी पाणवठ्याची ठिकाणे अस्पृश्यांना खुली असावीत. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस हे त्या वेळी नगरपालिकेचे नेते होते. ठराव झाला, पण प्रत्यक्षात आपल्या माणसाला पाणी मिळाले नाही. मुसलमान, ख्रिस्ती, कोणीही त्या तळ्याचे पाणी घेऊ शकत होते. गुरेढोरेही पिऊ शकत होती. अडवले होते ते फक्त आपल्याला. वरून पाहिले म्हणजे कळते की हे तळे कुठल्या डोंगरात लपलेले नव्हते. ते गावाच्या ऐन मध्यावर होते. चारी बाजूंनी घरे होती, खिडक्या होत्या, डोळे होते. तिथे जाऊन पाण्याला हात लावणे म्हणजे साऱ्या गावाच्या डोळ्यांदेखत हात लावणे होते. हे पुस्तकातल्या नकाशापेक्षा वरून घेतलेले दहा सेकंदांचे चित्र जास्त सांगते.

म्हणून उंचीचा उपयोग करताना शूटिंग करणाऱ्याने स्वतःला एकच प्रश्न विचारावा : जमिनीवर उभे राहून जे कळत नाही, असे काय मला वरून दाखवायचे आहे? उत्तर मिळाले तर वर जावे. उत्तर नसेल तर बॅटरी वाचवावी.

हा शॉट घेताना काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. ऐन दुपारी सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा सरळ खाली पाहिले की पाण्यातून त्याची झगझग थेट लेन्समध्ये येते. सकाळी ऊन तिरपे असते. पाणी शांत दिसते आणि घरांच्या सावल्यांमुळे गल्ल्या उठून दिसतात. तळ्याची कड पडद्याच्या कडेला समांतर ठेवावी. ती जरा जरी तिरकी झाली तर पाहणाऱ्याला सारखे खटकत राहते. आणि ड्रोन अगदी सावकाश वर न्यावा, म्हणजे आधी फक्त पाणी, मग पायऱ्या, मग रस्ता, मग घरे आणि शेवटी सारे गाव, असे एकामागून एक उलगडत जाते.

आजीचा प्रश्न

त्या सकाळी मराठवाड्यातून आलेले एक कुटुंब तळ्यावर होते. आजी, दोन सुना, मुलगा आणि चार लेकरे. पोरे ड्रोनभोवती जमली. आमच्या तरुणाने कौतुकाने तो वरून घेतलेला शॉट त्यांना दाखवला. आजीने पदराने डोळे पुसले, पडदा जवळ घेऊन बारकाईने पाहिला आणि विचारले, “लई चांगलं हाय लेकरा. पर ह्यात आमी कुठं हाव?”

आम्ही पाहिले. पायऱ्यांवर आजीचे सारे कुटुंब उभे होते. पडद्यावर ते मोहरीच्या दाण्यांसारखे सात-आठ ठिपके होते.

आजीचा प्रश्न साधा होता, पण ड्रोनचे सारे शास्त्र त्यात आले. उंचावरचा कॅमेरा जागा दाखवतो, माणूस पुसून टाकतो. आणि आपली चळवळ तर माणसाला माणूस म्हणून दिसावे यासाठीच होती. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याकडे वरूनच पाहिले गेले. आता आपल्याच पोराने आपल्याच माणसांना वरून पाहिले आणि तिथेच थांबला, तर त्यात नवे ते काय? म्हणून वर गेलेला कॅमेरा खाली आलाच पाहिजे. हा नियम आम्ही त्या दिवशी ठरवला आणि पुढचे सगळे शॉट त्याच नियमाने घेतले.

वरून खाली येण्याची वाट

पहिला प्रयोग तळ्यावरच केला. तळ्याकडे येणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी, छपरांच्या थोडे वर ड्रोन ठेवला. तिथून पाणी दिसत नव्हते, फक्त छपरे दिसत होती. मग माणूस चालतो त्या वेगाने तो पुढे नेला. छपरे खालून सरकली आणि एकदम पाणी समोर आले. शूटिंगवाले याला रिव्हील म्हणतात. आपण उलगडणारा शॉट म्हणू. त्या दिवशी परिषद आटोपून हजारो माणसे रांगा करून, शिस्तीने गावातून चालत तळ्यावर आली होती. त्यांनाही पाणी असेच अचानक समोर दिसले असेल. पाहणाऱ्याला त्या चालण्याचा अनुभव द्यायचा असेल तर ड्रोनचा वेग पावलांचाच हवा. यंत्र ताशी पन्नास किलोमीटर जाऊ शकते म्हणून तसे पळवू नये.

गल्लीवरून जाताना विजेच्या आणि केबलच्या तारा हा मोठा धोका. पडद्यावर त्या दिसत नाहीत. म्हणून आधी स्वतः चालत जाऊन सारी वाट डोळ्यांनी पाहून घ्यावी. परतीची उंची जवळच्या सर्वांत उंच इमारतीपेक्षा आणि टॉवरपेक्षा जास्त लावून ठेवावी. म्हणजे मध्येच संपर्क तुटून यंत्र आपोआप परत निघाले तरी कुठे आदळणार नाही. घारी आणि कावळे अंगावर येतात. ते दिसले की लगेच खाली उतरवावे.

दुसरा शॉट काठावरून पायऱ्यांकडे उतरणारा. कॅमेरा थोडा खाली झुकवून ड्रोन तिरपा खाली आणला आणि पायऱ्यांवर बसलेल्या आजीपासून चांगले अंतर राखून, साधारण माणसाच्या दुप्पट उंचीवर थांबवला. यापुढे ड्रोनचे काम संपते. पाण्याच्या अगदी जवळ तो नेऊ नये. बहुतेक छोट्या ड्रोनच्या पोटाशी जमिनीचा अंदाज घेणारे सेन्सर असतात, ते हलत्या पाण्यावर फसतात आणि यंत्र पाण्यात बसते. ओंजळीत पाणी घेतानाचे हात दाखवायचे आहेत ना? मग खिशातला मोबाईल काढा, पायरीवर आजीच्या शेजारी बसा आणि तिच्या हाताच्या उंचीवर कॅमेरा धरा. आम्ही तेच केले. साऱ्या फिल्ममध्ये लोकांना सर्वांत आवडला तो हा शॉट, आणि तो ड्रोनचा नव्हता.

तिसरा शॉट बाबासाहेबांच्या पुतळ्याचा. इथे बहुतेक सगळे जण गोल फिरवण्याचा मोह धरतात. गोल फिरणे वाईट नाही. पण दोन-दोन, तीन-तीन फेऱ्या मारल्या की पाहणाऱ्याला भोवळ येते आणि पुतळा खेळण्यासारखा दिसू लागतो. अर्धे वर्तुळ पुरे. कॅमेरा पुतळ्याच्या चेहऱ्याच्या पातळीला किंवा किंचित खाली ठेवावा, म्हणजे मागे आकाश येते. वरून खाली पाहत घेतले तर मागे डांबरी रस्ता, गाड्या आणि पत्रे येतात आणि पुतळा खुजा दिसतो. पुतळ्याच्या माथ्यावरून ड्रोन नेऊ नये. वंदना चालू असेल तेव्हा तर उडवूच नये. पंख्यांचा घरघराट त्रिसरण-पंचशीलाच्या आवाजात मिसळलेला कोणालाच बरा वाटत नाही. आपल्या गावच्या विहाराभोवती किंवा स्तूपाभोवती ड्रोन फिरवायचा असेल तर आणखी एक लक्षात ठेवावे. आपण प्रदक्षिणा घालतो तेव्हा स्तूप उजव्या हाताला असतो. कॅमेराही त्याच दिशेने फिरवावा. घरात बसून पाहणाऱ्या आजी-आजोबांना ते लगेच जाणवते.

दासगावची खाडी आणि क्रांतीस्तंभ

महाडची गोष्ट २० मार्चला संपत नाही. पाणी पिऊन लोक परतले आणि देवळात शिरणार अशी अफवा उठवून त्यांच्यावर हल्ले झाले. नंतर शेण, गोमूत्र, दूध, दही तळ्यात ओतून तळे शुद्ध केल्याचा सोहळा झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बाबासाहेब पुन्हा महाडला आले. त्या वेळी ते मुंबईहून बोटीने दासगाव बंदरात उतरले आणि तिथून मंडळी पायी महाडला आली.

हा पायी रस्ता दाखवायला ड्रोनसारखे साधन नाही. दासगावजवळ सावित्रीची खाडी डोंगराच्या पायथ्याने वळण घेते. मोकळ्या जागेवरून ड्रोन पाण्याच्या कडेकडेने, एकाच उंचीवर, महाडच्या दिशेला पुढे नेला. कॅमेऱ्याचे तोंड क्षितिजाकडे ठेवले. बोट ज्या वाटेने आली ती पाण्याची वाट आणि माणसे ज्या दिशेने चालली ती दिशा, दोन्ही एकाच चौकटीत आली. अशा शॉटमध्ये मध्येच वर जाणे, मध्येच वळणे, मध्येच कॅमेरा झुकवणे, असे काहीही करू नये. एका शॉटमध्ये एकच हालचाल. पाहणाऱ्याला चालल्यासारखे वाटले पाहिजे.

२५ डिसेंबर १९२७ रोजी गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या ठरावानुसार मनुस्मृतीचे दहन झाले. त्या परिषदेला गावातल्या सवर्णांनी जागा मिळू दिली नाही, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. हे उपकार आपण विसरू नयेत. आज महाडमध्ये क्रांतीस्तंभ उभा आहे. स्तंभाचे चित्रण करताना ड्रोन लिफ्टसारखा सरळ वर न्यावा. कॅमेरा समोरच ठेवावा, झुकवू नये. पायथा, मधला भाग, शिखर, आणि शिखर खाली गेले की मागचे गाव आणि डोंगर. स्तंभ पडद्याच्या अगदी मधोमध ठेवण्याऐवजी एका बाजूला ठेवला तर दुसऱ्या बाजूला गावाला जागा मिळते. पडद्यावर रेषांची जाळी दाखवण्याची सोय असते, ती चालू ठेवावी आणि स्तंभ उभ्या रेषेवर धरावा. याच डिसेंबरच्या परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांनाही उद्देशून भाषण केले, नेसण्या-राहण्यापासून मुलींच्या शिक्षणापर्यंत. म्हणून हा शॉट संपल्यावर खाली जमिनीवर, स्तंभापाशी उभ्या असलेल्या आपल्या आयाबहिणींचा शॉट यायलाच हवा.

गांधारपाले : दानात दिलेले पाणी

महाडच्या वेशीपाशी, महामार्गाला लागूनच डोंगरात गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत. दोन थरांत मिळून सुमारे तीस लेणी. २० मार्चला येणारी बरीच मंडळी घाईत ती न पाहताच परततात. तसे करू नका. पायऱ्या चढून वर जा. तिथल्या एका शिलालेखात राजकुमार विष्णुपालिताच्या दानाची नोंद आहे : लेणे, चैत्यगृह, भिक्खूंसाठी खोल्या, लेण्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याची टाकी आणि येण्याची वाट. सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी ज्या खोऱ्यात पाण्याची टाकी दान म्हणून दिली गेली, त्याच खोऱ्यात १९२७ साली ओंजळभर पाण्यासाठी डोकी फुटली! महाडच्या फिल्ममध्ये ही दोन पाणी शेजारी-शेजारी आली पाहिजेत.

इथे आम्ही ड्रोन पिशवीतून बाहेर काढला नाही. संरक्षित लेण्यांवर पुरातत्त्व खात्याच्या लेखी परवानगीशिवाय तो उडवता येत नाही. अजिंठा, कार्ले, कान्हेरी सगळीकडे हेच. पण डोंगरानेच इथे आपल्याला उंची दिलेली आहे. आमच्या तरुणाने मोबाईल दोन्ही हातांत छातीशी धरला, कोपरे अंगाला टेकवली आणि ओसरीच्या खांबांना समांतर हळूहळू बाजूला चालत गेला. खांब जवळून सरकतात, आतला अंधार मागे स्थिर राहतो आणि लेण्याची खोली कळते. मग तो आतल्या अंधारातून दाराकडे चालत आला. आधी काळोख, मग दाराची चौकट, मग उजेड आणि खाली पसरलेले सारे खोरे : दोन्ही नद्या, संगम आणि त्यांच्या कुशीतले महाड. २२ जुलै २०२१ च्या महापुरात हे गाव का बुडाले तेही इथून न सांगता समजते. ज्यांच्याकडे ड्रोन नाही, घेण्याची ऐपतही नाही, त्यांनी मन लहान करू नये. टेकडी, गच्ची, जिना आणि स्थिर हात एवढ्यावर अर्धे काम होते. कर्ज काढून ड्रोन घेण्यापेक्षा चार विहारांनी मिळून एका जाणत्या मुलाला एक दिवस बोलवावे.

गर्दीवर उडवू नका

आता साधा दिवस का निवडला ते सांगतो. २० मार्चला महाडमध्ये, १४ ऑक्टोबरला आणि अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लोकांचा सागर असतो. वरून तो दाखवावा असे कोणालाही वाटेल. पण माणसांच्या डोक्यावर उडणारे यंत्र बिघडले तर ते माणसांच्या डोक्यावरच पडते. छोट्या ड्रोनचे पंखेसुद्धा डोळा घालवू शकतात. खाली उन्हात तासन्‌तास रांगेत उभी असलेली म्हातारी माणसे, कडेवर लेकरे घेतलेल्या आया असतात. एक अपघात झाला, थोडी पळापळ झाली, तर चेंगराचेंगरी व्हायला वेळ लागत नाही. शिवाय मुंबईत पोलीस वेळोवेळी ड्रोनबंदीचे आदेश काढतात आणि नागपूरची दीक्षाभूमी विमानतळापासून फार दूर नाही, त्यामुळे तिथे परवानगीचा प्रश्न येतो. गर्दी दाखवायचीच असेल तर आयोजकांना विचारून एखाद्या गच्चीवर स्टँड लावावा आणि कॅमेरा डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवावा.

नियम थोडक्यात असे. ड्रोन नियम २०२१ मध्ये आले. त्यांनुसार ड्रोनला नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. नकाशावरच्या हिरव्या क्षेत्रात चारशे फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. विमानतळाच्या आसपासच्या पिवळ्या क्षेत्रात लागते. लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवताच येत नाही. अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला पायलटचे प्रमाणपत्र लागत नाही. त्याहून जड ड्रोनवर पैसे घेऊन काम करणाऱ्याला ते लागते. क्षेत्रे बदलत असतात, म्हणून ज्या दिवशी उडवायचे त्या दिवशीचा नकाशा पाहावा आणि स्थानिक पोलिसांना कळवावे. आपल्या मुलांनी हे कागद पिशवीत ठेवूनच फिरावे. दुसऱ्याला एकदा हटकले जाते, आपल्याला चार वेळा. कागद जवळ असला की बोलणे लवकर संपते.

फिल्मची मांडणी

शूटिंग करताना प्रत्येक शॉट निदान दहा सेकंद तरी घ्यावा. हालचाल सुरू होण्यापूर्वी आणि संपल्यावर यंत्र तीन-चार सेकंद स्थिर ठेवावे. जोडणी करताना त्याचा फार उपयोग होतो. रिमोटची दांडी झटकन ओढू नये, अंगठ्याने दाबत-दाबत न्यावी. उन्हात चित्र झटके खाल्ल्यासारखे दिसते, म्हणून लेन्सवर चढवण्याची काळसर काच मिळते. शूटिंगवाले तिला एनडी फिल्टर म्हणतात. सेकंदाला पंचवीस चित्रे घेत असाल तर शटर एक पन्नासांशावर ठेवावे, हालचाल डोळ्याला मऊ वाटते. कोकणात दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो. सगळी उड्डाणे सकाळीच आटोपावीत आणि बॅटरी तिसरा हिस्सा उरली की यंत्र परत बोलवावे.

आम्ही तीन मिनिटांची फिल्म अशी लावली : दासगावची खाडी, गल्लीतून उलगडणारे तळे, वरून दिसणारे गाव आणि मधोमध पाणी, पायऱ्यांकडे उतरणारा कॅमेरा, ओंजळ, क्रांतीस्तंभ, गांधारपाल्याची टाकी आणि शेवटी आजीच्या कुटुंबाचे चेहरे. एक शॉट उंचावरून आला की पुढचा माणसाच्या उंचीवरून, असा क्रम शक्य तिथे ठेवला. ड्रोनचा आवाज कामाचा नसतो. तो काढून टाकला आणि त्या जागी गाणे न घालता आजीचेच बोलणे घातले. तिच्या सासऱ्यांनी तिला महाडबद्दल काय सांगितले होते ते ती तिच्या बोलीत सांगते. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तळ्याच्या खटल्यात आपल्या बाजूने निकाल दिला, ही ओळ पडद्यावर अक्षरांत दिली. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे कोर्टात लढावे लागले, हे मुलांना माहीत पाहिजे.

विहारात फिल्म दाखवली तेव्हा पोरे उंचावरचे शॉट पाहून ओरडली आणि म्हातारी माणसे ओंजळ पाहून गप्प झाली. दोन्हीची गरज आहे.

वाचकहो, एक विनंती आहे. अशा चित्रणाची मूळ प्रत कोणाच्या तरी मोबाईलमध्ये राहते आणि मोबाईल बिघडला की जाते. प्रत्येक विहाराने एक हार्ड डिस्क आणि एक वही ठेवावी. कोणत्या तारखेला, कोणत्या ठिकाणी, कोणी चित्रण केले, त्यात कोण-कोण दिसतात, कोणत्या वडीलधाऱ्या माणसाचा आवाज आहे, हे वहीत लिहावे. शाळकरी मुलींच्या हातात हे काम द्यावे, त्या ते नीट करतील. आणि या वर्षी महाडला जाल तेव्हा तळ्याबरोबर गांधारपाल्याच्या पायऱ्याही चढा. डब्यातली भाकरी वर लेण्याच्या सावलीत बसून खा आणि लेकरांना खाली दिसणारे गाव बोटाने दाखवा.

जय भीम!